रुखमाबाईच्या टोळीत मशीन

दिव्यानीने शेतीयंत्रांचा विषय घेतला तो फार विचार करून नव्हे. मूल या तालुक्याच्या गावातल्या तिच्या शाळेत नववीपासून हाताला काम शिकवणारे विषय होते. कुणी कॉम्प्युटर घेई, कुणी शिवणकाम, कुणी यंत्रं. कॉम्प्युटरच्या खोलीत पंखा होता, म्हणून तिथे झुंबड. यंत्रांच्या वर्गाला खोलीच नव्हती; कडुलिंबाखाली एक उघडलेला पंप आणि एक म्हातारा पॉवर टिलर, एवढाच काय तो वर्ग. दिव्यानीला चार भिंतींत बसलं की झोप यायची. एवढ्यावर निकाल लागला.

पण एकदा तिने त्या पंपाचं पोट साफ करून, सगळे नट कसून, दोरी ओढली आणि तो मेलेला पंप खोकत खोकत धडधडायला लागला. दिव्यानी एकटीच मोठ्याने हसली. पुढे बारावीपर्यंत तिने विषय बदलायचं नाव काढलं नाही.

विषय शिकवायला दीपिका मॅडम होत्या. त्या ऊर्जानगरच्या, वडील वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे कॉलनीत, भोंग्याच्या आवाजात वाढलेल्या. बारावीच्या मुलांना महिनाभर खऱ्या कामावर पाठवायचं असा नियम होता, आणि जागा शोधायचं काम मॅडमच्या गळ्यात. पावसाळा तोंडावर आला की त्या स्कुटीवरून गावभर हिंडत. गॅरेज, राईस मिल, पंपाचं दुकान, जिथे म्हणून चाक फिरतं तिथे उतरून सांगत, "एक पोरगी ठेवून घ्या. महिनाभर काम करेल. चहासुद्धा मागणार नाही."

त्या वर्षी दिव्यानीच्या वाट्याला धनराजभाऊंची अवजार बँक आली. नाव बँक, पण आत नांगर, रोटाव्हेटर, मळणीयंत्रं. जुन्या राईस मिलच्या शेडमधून धनराजभाऊ ती भाड्याने देत. चिखलाचा धंदा करणारा हा माणूस बाराही महिने पांढराशुभ्र शर्ट आणि पांढरीच पँट घालायचा आणि कोणत्याही यंत्राशी हातभर अंतर ठेवून बोलायचा. त्यांच्याकडे त्या साली रोवणीची मशीन आली होती. आपल्याकडे धानाची लावणी म्हणजे रोवणी; पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे आणि बायांनी वाकून वाकून चिखलात रोवायचे. ही लाल मशीन तेच काम लोखंडाच्या बोटांनी करायची. दोन मोठी चाकं, पाठीवर उतरती पाटी, पाटीवर सतरंजीसारखी गुंडाळून आणलेली पऱ्ह्यांची चटई. माणसाने मागून दांडे धरून चालायचं. ती चालवणारा गडी लग्न करून सासरीच राहिला होता. धनराजभाऊंनी दिव्यानीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाह्य, तुले जमते काय."

पहिल्या दिवशी ती इतक्यांदा पडली की शेडमधल्या गड्यांनी पैज लावायचं सोडून दिलं. चिखलात मशीन पुढे जायची, पाय मागे राहायचे, आणि मध्ये दिव्यानी लांब व्हायची.

"ढकलू नको तिले," धनराजभाऊ कोरड्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडायचे. "ती तुले नेते. तू फकस्त मांगून जाय."

हे तिला तिसऱ्या की चौथ्या दिवशी उमगलं. दांडे आवळून धरायचे नाहीत, नुसते हातात ठेवायचे. मग मशीन आपोआप सरळ गेली, आणि मागे वळून बघते तर चार ओळी, हिरव्या, पाण्यात उभ्या. तिला तो पंप आठवला नाही, काहीच आठवलं नाही. ती नुसती त्या ओळींकडे बघत उभी राहिली.

आता अडचण एकच होती. घरी हे सांगायचं कसं?

दिव्यानीची आई रुखमाबाई म्हणजे त्यांच्या गावच्या, पिपरटोल्याच्या, रोवणीच्या टोळीची पुढारीण. टोळी रोवणीचे गुत्ते, म्हणजे ठेके, घ्यायची. कोणाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आधी, कोणाची नंतर, दुपारचा चहा कोण देणार, त्यात साखर किती, सगळं रुखमाबाई ठरवी. मोठमोठे शेतकरी पाऊस लागला की तिच्या दारात चपला काढून उभे राहत. पोरीला मात्र तिने कधी चिखलात उतरू दिलं नव्हतं. "तू शाळा शिक. चिखलात मी आहो ना," असं म्हणून ती विषय संपवायची.

घरी दिव्यानी म्हणायची, "मशीनवर आहो."

"कोनत्या?"

"मोठ्या."

रुखमाबाईला यापलीकडे विचारायला सवड नसे. वडिलांना, मुखरूला, मात्र ठाऊक होतं. ते मूललाच दुसऱ्या राईस मिलमध्ये हमाली करत आणि एकदा सायकलवरून जाताना त्यांनी लेकीला चिखलात लोळताना पाहिलं होतं. घरी येऊन ते हळूच म्हणाले, "म्या काई पाह्यलं नाई हं. तुह्या मायनं विचारलं तरी म्या काई पाह्यलं नाई."

एका संध्याकाळी मायलेकी जेवायला बसल्या असताना सुगंधाबाई आली. सुगंधाबाई टोळीतली सगळ्यात म्हातारी. कंबर गेल्यापासून तिला वाकता येत नव्हतं, म्हणून रुखमाबाईने तिला धुऱ्यावरचं काम दिलं होतं. पिपरटोल्याच्या बऱ्याच बांध्या जंगलाला लागून. बाया खाली मान घालून रोवत असताना कुणीतरी जंगलाकडे नजर ठेवायला हवी, वाघाचं काही सांगता येत नाही. सुगंधाबाई काठी घेऊन धुऱ्यावर बसायची आणि जंगलाकडे कमी, टोळीकडे जास्त बघत दिवसभर बोलायची.

"आयकलं काय वो रुखमा?" ती दारातूनच म्हणाली. "लटारूभाऊ यंदा रोवनीची मशीन आनून राह्यला. गेल्या साली आपून उशिरा गेलो, त्याचे पऱ्हे म्हातारे झाले, तो राग धरला त्यानं."

रुखमाबाईचा हात ताटात थांबला. लटारूभाऊची शेती गावातली सगळ्यात मोठी. टोळीचा निम्मा हंगाम तिथेच जायचा.

"कोन चालवते ते मशीन?"

"मूलचा कोनी पोट्टा हाय म्हनते."

"येऊ दे त्याले," रुखमाबाई म्हणाली. "त्यालेच रोवतो त्या चिखलात. डोस्कं खाली, पाय वर."

दिव्यानीला जोराचा ठसका लागला. रुखमाबाईने तिच्या पाठीवर थापटी मारली. "हळू खाय ना. कोनी हिसकून घेऊन राह्यलं काय तुह्या ताटातून?"

दुसऱ्या दिवशी दिव्यानी शाळेत मॅडमना शोधत गेली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं. "आईला सांगून टाक. आजच."

"तुमी सांगता काय, मॅडम?"

"मी?" मॅडम घाईने म्हणाल्या. "मी नाही बाई. मागच्या पालकसभेत तुझ्या आईने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, पोरीले शिकवून राह्यल्या का गॅरेजात लावून राह्यल्या म्हणून. मला अजून घाम फुटतो."

दिव्यानीने सांगायचं ठरवलं. आई चूल पेटवत असताना ठरवलं, आई पाणी भरत असताना ठरवलं, आई तिची वेणी घालत असताना तर तोंडही उघडलं. पण वेणी घालताना रुखमाबाई टोळीच्या गोष्टी सांगत होती, हसत होती, आणि त्या हसण्यात ते वाक्य घुसवायला कुठे फटच सापडली नाही. लटारूभाऊच्या रोवणीचा दिवस उजाडला. दिव्यानी मूलला जायचं म्हणून निघाली आणि तासाभरात धनराजभाऊंच्या पिकअपमध्ये, मशीनशेजारी बसून, आपल्याच गावाला परत आली.

तिने खबरदारी घेतली होती. मुली स्कुटीवर बांधतात तसा स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधला, वर धनराजभाऊंचा ढगळ रेनकोट चढवला. बघणाऱ्याला वाटावं, आहे कुणीतरी शेलाटा पोरगा.

लटारूभाऊची पहिली बांधी चिखलणी करून तयार होती. आणि शेजारच्याच बांधीत, एका धुऱ्याच्या अंतरावर, रुखमाबाईची टोळी ओळीने वाकलेली होती.

मशीन सुरू झाली तशी टोळी उभी राहिली. बाया एकेक करून धुऱ्यावर आल्या, लुगडी खोचलेली, हातांना कोपरापर्यंत चिखल. सुगंधाबाईने काठी टेकून जंगलाकडे पूर्ण पाठ केली.

"अरे पोट्ट्या!" ती ओरडली. "घरी माय-बहीन हाय का नाई तुले? तिले काम नाई काय?"

बाया खो खो हसल्या. दिव्यानीने मान आणखी खाली घातली.

"पाह्य पाह्य, बगळीवानी चोच मारून राह्यली!" कुणीतरी म्हणालं, आणि मशीनचं नाव तिथल्या तिथे लाल बगळी पडलं.

रुखमाबाई मात्र हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून ओळींकडे बघत होती. मशीन बांधीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली, वळली, परत आली. आठ ओळी. दिव्यानीला रेनकोटच्या आतूनही ती नजर पाठीवर जाणवत होती. हात नकळत आवळले गेले. आणि आवळले तिथेच चुकलं. कोपऱ्यात चिखल खोल होता. मशीनचं एक चाक रुतलं, दुसरं फिरत राहिलं, मशीन तिरकी झाली, आणि दिव्यानी दांडे सोडून तोंडावर आपटली.

"माय वोऽऽ!"

पडणारं माणूस आईलाच हाक मारतं, त्यात नवल नाही. पण या हाकेला आई धुऱ्यावरच उभी होती. रुखमाबाईने तो आवाज जन्मापासून ऐकलेला. बायांना काय झालं ते कळायच्या आत ती धुरा ओलांडून गुडघाभर चिखलातून धावत होती. तिने रेनकोटला धरून पोरीला बाहेर ओढलं, पदराने तिच्या डोळ्यांतला चिखल पुसला आणि पहिलं विचारलं, "लागलं काय?"

"नाई."

मग तिने पोरीचा स्कार्फ खाली ओढला. मशीन शेजारी धुगधुगत होती.

"तुह्या बाले ठाऊक आहे?"

दिव्यानी रेनकोटवरचा चिखल निरपायला लागली. एवढ्यातच रुखमाबाईला उत्तर मिळालं.

"चालव मशीन," ती कोरडेपणाने म्हणाली. "पन मले सांगतलं असतं तर म्या का तुले खाल्लं असतं?" आणि ती धुऱ्यावर जाऊन पाठ फिरवून बसली.

चालव म्हणणं सोपं, पण चाक निघेना. धनराजभाऊ पांढरा शर्ट सांभाळत काठावरून सूचना देत होते. शेवटी टोळीतल्या बायाच उतरल्या, मशीनला दोर बांधला, सुगंधाबाईने वरून ठेका धरला आणि हैय्या हैय्या करत बगळीला बाहेर काढलं. दुपारपर्यंत बांधी झाली. म्हणजे झाल्यासारखी दिसली. काठाने, कोपऱ्यांत, जिथे मशीनला वळता आलं नव्हतं तिथे रिकामं पाणी चमकत होतं, आणि चटई जिथे फाटली होती तिथे ओळींत खिंडारं पडली होती.

लटारूभाऊ टोपी हातात घेऊन रुखमाबाईकडे गेला. "बाई, तेवढे कोपरे..."

"तुह्या मशीनले सांग," रुखमाबाई म्हणाली.

तो परत फिरला. मग दिव्यानीच खाली वाकली आणि हाताने रोवायला लागली. तिला ते कधी कुणी शिकवलंच नव्हतं. एक रोप उताणं पडलं, दुसरं तरंगायला लागलं, तिसरं तिने इतकं खोल दाबलं की शेंडाही दिसेना. रुखमाबाईने थोडा वेळ पाठ फिरवूनच ठेवली. मग तिरक्या नजरेने बघितलं. मग तिला ते बघवेना.

"अवो, धान रोवून राह्यली का मुडदे पुरून राह्यली?" ती ताडकन उठली. "सरक तिकडं. अंगठा असा धर. असा. आन् मांगं सरकत जाय, पुढं नाई."

तिच्यामागे सगळी टोळी उतरली. कोपरे भरले, खिंडारं बुजली. दिव्यानी आईच्या शेजारी मागे सरकत राहिली. आई दर थोड्या वेळाने लेकीचं वाकडं रोप उपटून नीट लावत होती.

घरी मात्र त्या संध्याकाळी खरं बोलणं झालं. रुखमाबाई आधी मुखरूवर बरसली. ते खाली मान घालून हसत राहिले, आणि हे चिडलेल्या बायकोपुढे करू नये हे त्यांना इतक्या वर्षांनीही कळलं नव्हतं. मग ती दिव्यानीकडे वळली.

"मले खोटं बोलल्याचा राग आहे, तो जाईन. पन एक सांग. सारे लटारूभाऊवानी मशीन आनतीन तं टोळीनं काय करावं? माह्या बाया कुठी जातीन? सुगंधाले तं वाकताही येत नाई. मशीनवर राखनदार ठेवते काय कोनी?"

दिव्यानीच्या पुस्तकात मशीनमुळे मजूर कमी लागतात असं लिहिलं होतं, पण उरलेले मजूर पुढे काय करतात ते पुस्तकाने लिहिलं नव्हतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर तिला दोन दिवसांनी मिळालं, आणि तेही धनराजभाऊंच्या कुरकुरीतून. शेतकरी मशीन मागायला येत होते आणि धनराजभाऊ त्यांना परत पाठवत होते. मशीन रिकामी होती, चटया नव्हत्या. या मशीनला साधे पऱ्हे चालत नाहीत. प्लास्टिकच्या कागदावर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यायचा, त्यावर बी टाकायचं, रोज पाणी मारायचं, मग मुळं एकमेकांत गुंतून सतरंजी तयार होते. शेडमधल्या गड्यांनी केलेल्या चटया फाटत होत्या. शेतकऱ्यांना तो उद्योग नको होता.

"भाऊ," दिव्यानी म्हणाली, "माह्या मायची टोळी चटया करन."

"कोन? ते बाई? ते तं मले धुऱ्यावरून मारू मारू पाहून राह्यली होती."

"करन. पन मंग मशीनसंगं टोळीच आली पायजे. कोपरे, धुऱ्याकडचं, फाटलं तुटलं, सारं टोळी रोवन. आपल्याले तसंही कोन रोवून देते? लटारूभाऊच्या बांधीत बाया उतरल्या नसत्या तं आपलं नाव खराब झालं असतं."

एवढं सलग ती धनराजभाऊंशी कधी बोलली नव्हती. धनराजभाऊंनी शर्टावरची नसलेली धूळ झटकली. "चाल," ते म्हणाले. "पन बोलशीन तू."

पिपरटोल्याला मात्र बोलायची वेळच आली नाही. रुखमाबाईने धनराजभाऊंना अंगणात उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं. तोवर टोळी जमली होती. सुगंधाबाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती.

"चटया करू," रुखमाबाई म्हणाली. "पन एक गोष्ट आयकून ठेवा, भाऊ. गुत्ता आमी घेऊ. शेतकऱ्याशी आमी बोलू. मशीन टोळीच्या मांगं येईन, टोळी मशीनच्या मांगं नाई येनार."

धनराजभाऊंनी दिव्यानीकडे बघितलं. दिव्यानीने आभाळाकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले.

"आता बसा," रुखमाबाई म्हणाली. "चहा घ्या." आणि तिने त्यांना नेमकी नुकत्याच शेणाने सारवलेल्या, ओल्या ओट्याची जागा दाखवली. पांढऱ्या पँटचं काय झालं ते सांगायला नको.

चटया टाकायचं काम दिव्यानीच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत सुरू झालं, आणि तिथे मायलेकींची खरी लढाई झाली. कागद अंथरले, माती चाळली, आणि दिव्यानीने सांगितलं की बी विरळ, सारखं टाकायचं, मोजकं. टोळीला ते पटेना. आयुष्यभर मुठीने टाकलेलं बी असं चिमटीने कोण टाकतं?

"आनखी टाक एक मूठ," रुखमाबाई म्हणाली. "भरीव पायजे."

"माय, दाट झालं तं बोटं अडकतात मशीनची."

"म्या किती साली पऱ्हे टाकले ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पन हे मशीनचे पऱ्हे आहेत. इथी माह्यं आयक."

माती चाळणाऱ्या बायांचे हात थांबले. रुखमाबाईला "माझं ऐक" असं त्या गावात कुणी म्हणत नसे. दिव्यानीने बियांचं टोपलं मात्र सोडलं नाही.

"बरं," शेवटी रुखमाबाई म्हणाली. "अर्ध्या तुह्या, अर्ध्या माह्या. पाहू."

दिव्यानी सकाळी मूलला जायची ती संध्याकाळी यायची. दिवसा ऊन कडक पडलं तर तिच्या चटया वाळतील ही धास्ती मनात असायची. पण ती परत येई तेव्हा त्या ओल्याच असायच्या, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, नीट पसरलेलं, कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती काटेरी फांद्या लावलेल्या. तिने विचारलं तेव्हा रुखमाबाई म्हणाली, "माह्या चटयांवर पानी मारता मारता उडते तिकडं थोडं."

मशीन चालवून बघायला रुखमाबाईची स्वतःचीच बांधी होती. ती दरवर्षी सगळ्यांच्या मागून रोवली जायची. दुसऱ्यांची रोवणी संपल्याशिवाय पुढारणीला आपल्या शेताकडे बघायला वेळ कुठला? बगळी आली. आधी रुखमाबाईच्या चटया पाटीवर चढवल्या. त्या गादीसारख्या जाड, हिरव्यागार. मशीन थोडी चालली, मग बोटांत पऱ्ह्यांचे गठ्ठे अडकले आणि चिखलात एकेका जागी झुडपंच उभी राहिली.

मग दिव्यानीच्या लावल्या. बगळी टकटक टकटक करत गेली. ओळीत तीन-चार काड्या, मग जागा, मग तीन-चार काड्या.

रुखमाबाई ओळींतून चालत गेली. एका ठिकाणी वाकली, रोप हलवून बघितलं. घट्ट होतं. ती परत आली आणि टोळीकडे बघून म्हणाली, "पुढच्या येळी सारं बी पोरगी सांगन तसं टाका." मग लेकीला म्हणाली, "मले दे."

"काय?"

"मशीन. पाहू दे मले बी."

दिव्यानीने दांडे तिच्या हातात दिले, कुठचा दांडा कशाचा ते सांगितलं. रुखमाबाईने लुगडं आणखी घट्ट खोचलं आणि निघाली. सुरुवातीला मशीन झोकात गेली. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मग धुरा जवळ आला आणि रुखमाबाईने बैलाला सांगावं तसं तिला सांगितलं, "हो, हो, थांब! थांब ना वो!"

मशीन कुणाचं ऐकते? ती धुऱ्यावर चढली, आणि धुऱ्यावर जंगलाकडे बघत बसलेल्या सुगंधाबाईने मागे वळून बघितलं तर लाल बगळी थेट अंगावर.

"वाघ आला वो!" सुगंधाबाई किंचाळली आणि कंबर गेलेली ती म्हातारी काठी टाकून अशी पळाली की पुढे कितीतरी दिवस टोळीने तिला कामाला वाकायला लावायची धमकी दिली. दिव्यानी धावत जाऊन मशीन बंद करीपर्यंत रुखमाबाई दांड्यांना लोंबकळत हसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिव्यानीने आईला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

महिना संपताना दीपिका मॅडम काम तपासायला पिपरटोल्याला आल्या. स्कुटी रस्त्यावर लावून धुऱ्यावरून तोल सांभाळत येताना त्यांनी आधी रुखमाबाई कुठे आहे ते बघून घेतलं. दिव्यानीने त्यांना मशीन चालवून दाखवली, बोटं उघडून साफ केली, तेल बदललं. मॅडम प्रश्न विचारत होत्या, ती उत्तरं देत होती. टोळी काम सोडून ऐकत होती, जणू परीक्षा सगळ्यांचीच आहे.

"पास काय?" मध्येच रुखमाबाईने विचारलं.

"पास," मॅडम म्हणाल्या. "चांगली पास."

"तं मंग जेवून जा," रुखमाबाई म्हणाली. मॅडमना तिथे सुटकेचा श्वास सोडताना सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागला आणि धनराजभाऊंनी दिव्यानीला पगारावर घेतलं. हंगामात मशीन चालवायची, एरवी शेडमधली यंत्रं दुरुस्त करायची. संध्याकाळच्या वेळात तिने इंजिन दुरुस्तीचा पुढचा कोर्सही लावला. त्याचं पत्रक मॅडमनीच आणून दिलं होतं. टोळीतली एकही बाई घरी बसली नाही. उलट चटयांच्या कामाला माणसं कमी पडायला लागली. लटारूभाऊ यंदा सगळ्यांच्या आधी दारात येऊन चपला काढून उभा राहिला. सुगंधाबाई चटयांवरच्या कोंबड्या हाकलायला बसते. तिथे सावली आहे आणि बोलायला येणारेजाणारे जास्त, म्हणून तिला हे काम जंगलापेक्षा बरं वाटतं.

रोवणी ऐन भरात असताना एके दिवशी दिव्यानी दूरच्या एका बांधीत मशीन चालवत होती. फोन तिने त्याच बांधीचे कोपरे रोवणाऱ्या आईकडे ठेवला होता. तो वाजला. रुखमाबाईने चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि कानाला लावला. पलीकडे कुणीतरी दूर अहेरीकडचा शेतकरी होता. त्याने मशीनबद्दल ऐकलं होतं आणि त्याला मशीन चालवणाऱ्या माणसाशी बोलायचं होतं.

"मानूस नाई, पोरगी आहे," रुखमाबाई म्हणाली. "आता कामात आहे ते. मले सांगा." ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली. "येऊ ना. पन चटया आमच्याच राहतीन, टोळी आमची राहीन. आन् बांधीतलं पानी आदल्या दिवशी कमी करून ठेवा, नाईतं चाक रुतते." मग तिने बांधीच्या मध्यावर, इंजिनाच्या आवाजात कुणाकडेही लक्ष नसलेल्या लेकीकडे बघितलं, आणि आवाज थोडा मोठा करून पुढे म्हणाली, "हो, एकदम सीधी चालवते. म्या पाह्यलं ना."